रोडग्यांचा धूर

कुठंही उघड्यावर जेवायला बसायचं असलं, शेतात, देवळाच्या आवारात किंवा नातेवाइकांच्या आंब्याखाली, तरी सतरंजी टाकण्याआधी मी मान वर करून पाहते. फांद्या पाहते, कडे पाहते, कमानी पाहते. मुलं हसतात. "आईची तपासणी सुरू झाली," म्हणतात. हसू देत. त्यांना तो रविवार माहीत नाही. आज सगळं नीट क्रमानं लिहून ठेवते, कारण इतकी वर्षं झाली तरी त्यातली एक गोष्ट माझ्या पचनी पडलेली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या शाळेच्या भिंतीवर अजून जुन्या मुंबई राज्याचाच नकाशा लटकत होता. गाव सातपुड्याच्या अलीकडच्या पट्ट्यातलं, संग्रामपूरहून फार लांब नाही. शाळेच्या ओट्यावर उभं राहिलं की उत्तरेला डोंगराची निळी रेघ दिसायची. पलीकडे मध्यप्रदेश. मी मुलींना भूगोल शिकवायची नि तो डोंगर काठीनं नकाशावर दाखवायची. खिडकीतून तोच डोंगर दिसत असताना.

गावात नोकरी करणाऱ्या बायका आम्ही चौघीच. मी मुलींच्या शाळेत. आपा उर्दू शाळेत. वयानं आमच्यात मोठी, लग्न झालेली, घरात सासू. नर्सबाई दवाखान्यात, डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, बाकी दिवस दवाखाना म्हणजे त्याच. आणि चौथी माझ्याच शाळेत नव्यानं लागलेली धाकटी, मलकापूरकडची. माझ्याच खोलीत राहायची. हिला आम्ही धाकटीच म्हणायचो. तिला रहस्यकथांचं वेड. वाचनालयातून आणलेलं पुस्तक चुलीशी, न्हाणीत, रस्त्यानं चालताना, कुठंही वाचायची.

संक्रांत झाल्यावर डोंगरात जायचं ठरलं. वर एक जुना किल्ला आहे, पडका, तो पाहायचा आणि खाली रोडगे करायचे. आमच्याकडे बाहेर जाऊन जेवायचं म्हणजे रोडगे. डब्यात पोळ्या बांधून नेल्या तर ती सहल नाही, तो प्रवास. कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडायचे, त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी नि वरण. कोणी काय आणायचं ते मी आठ दिवस आधी लावून दिलं. कणीक माझ्याकडे. वांगी आपाच्या शेतातली. तूप नर्सबाईंचं, कारण त्यांच्याकडे बाळंतिणींच्या घरून यायचं. गोवऱ्या, ज्यांची बैलगाडी ठरवली होती त्या गाडीवानकाकांच्या घरच्या. धाकटीनं फक्त मीठ आणायचं, तेही ती विसरली. मी जास्तीचं घेतलंच होतं.

पहाटेच गाडी जुंपली. धाकटीच्या मांडीवर नवं पुस्तक होतं. कॉलेजातले चार मित्रमैत्रिणी डोंगरात फिरायला जातात आणि एकेक करून नाहीसे होतात, अशी गोष्ट. गाडीच्या हिसक्यांत ती मोठ्यानं वाचून दाखवत होती.

"पुस्तकातही चौघंच आहेत," ती म्हणाली. "आपल्यातली पहिली कोण जाणार?"

"तूच," नर्सबाई म्हणाल्या. "धाकटं असते तेच आधी जाते. मी शेवटी. मी गेली तर तुमच्या जखमा कोण बांधन?"

"अशुभ काऊन बोलता वो सकाळी सकाळी?" आपा म्हणाली, पण हसत होती.

शेवटचं शेत मागं पडलं तशी आपानं बुरखा काढला. त्या वेळी आमच्याकडे पांढरा बुरखा असायचा. डोक्यावर गच्च बसणारी टोपी, तिला चुणीदार घोळ थेट पायापर्यंत, आणि डोळ्यांसमोर विणलेली जाळी. चांगला जाड कापडाचा. सासूनं हातानं शिवून दिला होता.

"उतरवा तंबू," नर्सबाई म्हणाल्या. "आता इथं बैलच पाहणार तुमच्याकडं."

"बैलाची नजर साफ असते बाई. तंबू माणसासाठी लागते."

तिनं तो घडी करून कापडी पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला अडकवली. गाडीत ठेवा म्हटलं तर ऐकेना. गाडीत कडब्याची धूळ, आणि सासू बुरखा झटकून पाहायची.

पायथ्याशी नाला होता. तिथं काकांनी बैल सोडले. आम्ही सामान वाटून घेऊन चढलो. किल्ला वगैरे राहूनच गेला. अर्ध्या वाटेत एक उंच कडा लागला. त्याच्या पोटात खोलगट कपार, स्वच्छ, सावलीची, वाऱ्यापासून आडोसा असलेली. वाऱ्यावर निखारा नीट धरत नाही, त्यामुळे जागा सगळ्यांनाच पसंत पडली. धाकटी तर टाळ्याच वाजवायला लागली. तिच्या पुस्तकात अशीच कपार होती म्हणे.

"वर ते काळं काय लटकलंय?" तिनंच विचारलं. "घोंगड्या वाळत घातल्यासारखं."

"शेवाळ असन. पावसाळ्यातलं वाळलं असन," नर्सबाई म्हणाल्या, आणि आम्ही गोवऱ्या रचायला लागलो.

गोवऱ्यांचा धूर दाट असतो. वारा नव्हता, तेव्हा तो कड्याला चिकटून सरळ वर चढत होता, दोर टांगल्यासारखा. मी रोडगे निखाऱ्यात पुरले. आपा वांगी परतत होती. धाकटी आत कपारीला पाठ लावून, चपला काढून, वाचत बसली होती. आम्ही सगळ्या खूश होतो. मला चांगलं आठवतं, मी मनात म्हटलं होतं, सगळं वेळेत चाललंय.

रोडगे बाहेर काढले. नर्सबाईंनी पहिला फोडला, त्यावर तूप ओतलं. तेवढ्यात घरघर ऐकू आली. लांबच्या रस्त्यावरून ट्रक जातो तशी. मला खरंच वाटलं ट्रक आहे. मग ध्यानात आलं की इथं रस्ताच नाही. मी वर पाहिलं. घोंगडी हलत होती. तिचा एक कोपरा सुटला आणि खाली पडायच्या ऐवजी पसरला.

आग्या मोहोळ. एक नाही, कड्याला ओळीनं कितीतरी.

पहिला डंख माझ्या कानामागं बसला. नंतरचे वेगळे कळले नाहीत. कोणीतरी ओरडलं, "पळा!" आणि आम्ही पळालो. मी उतारावरून खाली, आपा माझ्या पुढं. नर्सबाई आमच्या दोघींच्याही पुढं, लुगड्याचा ओचा हातात धरून, दगडांवरून. घाणेरीचं मोठं रान लागलं तशी आपानं मला हाताला धरून आत ओढलं. जमिनीवर पालथ्या पडलो, पदर डोक्यावरून घेतले. काटे लागत होते, पण माश्या फांद्यांत अडकत होत्या. नर्सबाई थांबल्या नाहीत. त्यांच्या पावलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

आम्ही एकमेकींना पाहिलं. दोघीच.

धाकटी बाहेर आलीच नव्हती. ती आत गेली होती, कपारीच्या अगदी तळाशी. पुस्तकातली मुलगी तशीच लपली होती, असं तिनं मला पुढं सांगितलं. आम्ही झुडपाच्या फटीतून पाहत होतो. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, दोन्ही हात डोक्यावर, आणि आई, आई म्हणून ओरडत होती. मग ओरडणं थांबलं.

ते थांबणं मला अजून ऐकू येतं.

मी पिशव्यांत काय आहे ते डोक्यात चाळत होते. सतरंजी वर, पाण्याची कळशी वर, काडेपेटी वर. माझ्याजवळ काहीच नव्हतं. एवढी तयारी, आणि काही नाही. आपा उठून बसली. तिनं खांद्यावरची पिशवी उघडली, बुरखा काढला, टोपी डोक्यावर बसवली, जाळी डोळ्यांसमोर नीट केली. बाजारात जायला निघाल्यासारखी.

"आपा, जाऊ नका," मी म्हटलं.

"मंग कोन जाईन?"

"तुम्हाला घर आहे. सासू आहे."

"तिलेही माय आहे ना," ती म्हणाली. "तुम्ही इथंच पडा. हललात तर दोघींले शोधावं लागन."

ती चढून गेली. घाईनं नाही, कारण त्या बुरख्यात चढावर घाई करताच येत नसे. पांढरी आकृती धुरात शिरली. आणि मग मी जे पाहिलं त्यावर माझा मलाच विश्वास बसेना. बुरखा काळा व्हायला लागला. आधी टोपी, मग खांदे, मग पाठ. पांढरं दिसेनासं झालं. माश्यांचं एक माणूस तयार झालं आणि ते कपारीत चालत गेलं.

आत काय झालं ते दिसलं नाही. मी डोळे मिटले नव्हते, धूरच मध्ये आला. बाहेर आली ती एकच आकृती, फुगलेली, वेडीवाकडी. खाली चार पाय होते. दोन चपलांतले, दोन अनवाणी. अनवाणी पाय नुसते ओढले जात होते. तो घोळ एवढा मोठा होता, की आपानं धाकटीला आत घेतलं होतं, पोटाशी धरून, लेकराला पदराखाली घ्यावं तसं.

त्या दोघी घाणेरीत येऊन कोसळल्या. आम्ही कितीतरी वेळ तशाच पडून राहिलो. माश्या वरून फिरत होत्या, मग कमी झाल्या, मग कड्याकडे गेल्या. मी बुरखा उचलला. धाकटीचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. ओठ सुजून निळसर. श्वास चालू होता, पण शिट्टी वाजल्यासारखा. आपाच्या हातांवर सूज चढत होती, बुरख्यात हात झाकलेले राहिले नव्हते.

"दवाखाना," मी म्हटलं. "नर्सबाई खाली गाडीशी असतील."

आम्ही तिला दोघींमध्ये धरून उतरवलं. मला आशा होती ती नर्सबाईंचीच. दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, झोपतानाही. त्या भेटल्या की काम झालं, असं मी स्वतःशी म्हणत होते.

नाल्याशी पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला. नर्सबाईंचा.

"हाका म्हणते ना गाडी! कोणी नाही येऊन राह्यलं! गेल्या त्या!"

आणि काकांचा, खालच्या आवाजातला, पण ठाम. "असं कसं बाई? चौघी आणल्या मी. पाह्यल्याबिगर नाही जात."

"मी पाह्यलं! गेल्या म्हणते ना! तुम्ही कायले थांबता?"

मी जागच्या जागी थांबले. आपाही थांबली. धाकटीला ऐकू आलं नसावं, तिचं डोकं माझ्या खांद्यावर लोळत होतं. सकाळी गाडीत हसत बसलेली बाई. माझ्या तापात रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई. तिनं काही पाहिलं नव्हतं. एकदाही मागं वळली नव्हती. आणि तिनं आम्हाला मेलेल्या ठरवलं होतं, बैलगाडी हलवता यावी म्हणून.

मोहोळ उठलं त्याचा मला धक्का बसला नाही, असं नाही. पण माशी ती माशी. तिच्या घराखाली आम्ही धूर केला, ती चावली. हे दुसरं मला समजेना. अजून समजत नाही.

झाडीतून आम्ही बाहेर आलो तेव्हा काकांनी फक्त "देवा" म्हटलं आणि बैल जुंपायला घेतले. नर्सबाई गाडीच्या चाकाला धरून उभ्या होत्या. त्यांचा एक गाल सुजलेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे, मग आपाकडे. आम्ही ऐकलंय हे त्यांना कळलं. बोलायला वेळच नव्हता, कारण ज्या बाईनं गाडी हाक म्हटलं होतं तिच्याच कमरेला ती किल्ली लटकत होती, आणि धाकटीच्या गळ्यातली शिट्टी बारीक होत चालली होती.

"आडवी नका करू," त्या एकदम म्हणाल्या. आवाज बदललेला, दवाखान्यातला. "टेकून बसवा. मान वर. बाई, तुम्ही मागून धरा तिले."

मी मागून धरलं. दुसरं काय करणार होते?

साऱ्या वाटेत नर्सबाई धाकटीच्या चेहऱ्यात रुतलेले माश्यांचे काटे काढत होत्या. चिमटीनं उपटायचे नाहीत, नखानं खरडून काढायचे, हे त्यांनी मला दाखवलं. मी मानेवरचे काढले. मधे मधे त्या थांबायच्या, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरायच्या, आणि पुन्हा सुरू. आपा पुढं काकांच्या मागं बसली होती, हात ओल्या फडक्यात गुंडाळलेले. तिनं बुरखा घातला नव्हता. तो धाकटीच्या अंगावर होता. गाव आलं, बाजाराची गल्ली आली, माणसं ओट्यांवरून उभी राहिली, आणि आपा उघड्या तोंडानं, सरळ समोर बघत, बसून राहिली. सासू काय म्हणेल आणि मी काय उत्तर देईन, ते मी मनात जुळवत होते.

दवाखान्यात नर्सबाईंनी कपाट उघडलं. इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं पुन्हा दिलं. डॉक्टरांना बोलवायला सायकलवर माणूस पाठवला. तो पोचायच्या आत जे करायचं ते त्यांनी एकटीनं केलं. शिट्टी हळूहळू मोठी झाली, मग घोरण्यासारखी, मग नुसता श्वास. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीचा एक डोळा थोडा उघडला.

"माझं पुस्तक?" हे तिचे पहिले शब्द.

"जाऊ दे खड्ड्यात पुस्तक," आपा म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून रडली.

आपाच्या सासूचं सांगायचं राहिलं. म्हातारी स्वतः काठी टेकत दवाखान्यात आली. सुनेचे सुजलेले हात पाहिले. नंतर तिनं बुरखा मागितला, हातात घेऊन उलटसुलट केला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "कपडा चांगला घेतला होता मी." आणि निघून गेली.

हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, रविवारी बायकांना डोंगरात जायची काय गरज होती? मी म्हटलं, भूगोल.

धाकटी माझ्याच खोलीत बरी झाली. जो येईल त्याला ती सांगायची, "नर्सबाई नसत्या तर मी मेले असते." खरंच होतं ते. डॉक्टरही तेच म्हणाले होते. नर्सबाई समोर असल्या तर हे वाक्य ऐकताच उठायच्या, पाणी आणायला, खिडकी लावायला, काहीतरी काढायच्या. आपा नि मी गप्प. कोणाशी ठरवून नाही. मला मात्र रोज वाटायचं, की आज बोलून टाकावं. पोरीला कळायचा हक्क आहे. मग तिच्या गळ्याकडे नजर जायची आणि मी तिची पेज गाळायला लागायची.

एका दुपारी आपा बुरखा घेऊन माझ्याकडे आली. दोनदा धुतला तरी टोचत होता. उन्हात धरून पाहिला तर कापडभर बारीक काळे काटे, डंख तुटून धाग्यांत राहिलेले. आम्ही दारात चटई टाकली आणि एकेक काढायला बसलो. धाकटी आत झोपली होती.

नर्सबाई तिला बघायला म्हणून आल्या. चटईवर काय आहे ते पाहून दारातच थांबल्या. मी सरकले नाही. सरकायला हवं होतं की नको, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी पिशवीतून दवाखान्यातला चिमटा काढला, चटईच्या कडेला बसल्या आणि बुरख्याचं एक टोक मांडीवर ओढलं.

दहा-बारा काटे निघाले.

मग त्या मान खाली घालूनच म्हणाल्या, "मी काकाले गाडी हाका म्हणलं होतं."

"ऐकलं मी," आपा म्हणाली.

"मी वळूनही नाही पाह्यलं."

"तेही दिसलं."

नर्सबाईंचा चिमटा थांबला. मला वाटलं, आता ही उठून जाईल, किंवा आपा काहीतरी बोलेल, जे मी इतके दिवस बोलू शकले नव्हते. आत धाकटी कुशीवर वळली, खोकली, पुन्हा श्वास सुरू झाला. आम्ही तिघींनीही तो मोजला असावा, कारण तिघींच्याही माना दाराकडे वळल्या होत्या.

आपानं टोपीचा भाग उचलून नर्सबाईंच्या मांडीवर ठेवला.

"हे जाळीतले तुम्हीच काढा बाई," ती म्हणाली. "नीट पाहून काढा. तिथं माझं नाक लागते."